सासूबाईंना लेकाचंच ऐकू येतं!

'वेदन म्हणजे काय? वेदन आणि संवेदन यांतील फरक स्पष्ट करा. गुण आठ.'

गेल्या महिन्यात रात्री अकराला माझी लेक स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून हे उत्तर घोकत होती. मानसशास्त्र घेऊन ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी दुधाला विरजण लावता लावता तिचं वाक्य पुरं केलं, "ज्ञानेंद्रियांवर उद्दीपकाचा परिणाम होऊन निर्माण होणारी प्राथमिक जाणीव म्हणजे वेदन आणि त्या जाणिवेला अर्थ लावणं म्हणजे संवेदन." लेक बघतच राहिली. "आई, तुला अजून पाठ आहे?"

पाठ असणारच की! पंचवीसेक वर्षांपूर्वी मीही हाच विषय घेऊन पदवीधर झाले. गाईडमधली उत्तरं पाठ केली, डोळ्याची नि कानाची आकृती काढून भाग रंगवले, मार्कही चांगले पडले. पण खरं सांगू का मैत्रिणींनो? हा धडा माझ्याच घरात तब्बल आठ वर्षं चालू होता आणि मला तो ओळखता आला नाही. त्याची खंत वाटते, म्हणूनच आज लिहायला बसले.

माझ्या सासूबाई आता एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. साधारण सत्तरीनंतर आमच्या घरात एक तक्रार सुरू झाली, अर्थात माझीच. "आईंना माझं ऐकू येत नाही, लेकाचं मात्र बरोबर ऐकू येतं!" मी स्वयंपाकघरातून तीन वेळा हाक मारावी, यांनी ढिम्म हलू नये. ह्यांनी सोफ्यावर बसून हळूच "आई, औषध घेतलंस का?" विचारावं की लगेच उत्तर! मी आवाज चढवला तर म्हणायच्या, "ओरडतेस कशाला? बहिरी नाहीये मी." रात्री आम्ही दोघं त्यांच्याबद्दल काही कुजबुजलो तर नेमकं तेवढं त्यांच्या कानावर जायचं. 'हवं ते बरोबर ऐकू येतं' हे वाक्य मी बहिणीला, जावेला, भिशीतल्या मैत्रिणींना किती वेळा ऐकवलं असेल, गणतीच नाही. सगळ्याजणी माना डोलवायच्या. कारण प्रत्येकीच्या घरी अशीच एक सासू होती!

शेवटी कानात दडे बसतात म्हणून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कानाची तपासणी केली. सासूबाईंना हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीतले आवाज ऐकवले आणि आलेख माझ्या हातात दिला. डावीकडे रेघ बरी होती, उजवीकडे मात्र घसरगुंडीसारखी खाली गेलेली. डॉक्टर म्हणाल्या, "खालच्या पट्टीतलं यांना बरं ऐकू येतं. वरच्या पट्टीतलं फारच कमी. वयानं होतं असं."

मी आलेखाकडे बघत राहिले. अहो, हे तर मी शिकले होते! आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळी असते. तिच्यात केसासारख्या बारीक तंतूंच्या पेशी असतात. वरच्या पट्टीतले आवाज टिपणाऱ्या पेशी अगदी दाराशी असतात आणि बहुधा त्याच आधी झिजतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. आता बघा, आपल्या बोलण्यातले 'अ, आ, ओ' हे स्वर खालच्या पट्टीतले, जोरकस. 'स, श, त, ट, क, फ' यांतला तो बारीकसा आवाज वरच्या पट्टीतला. तो गेला की बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाही. ताट, पाट, काठ, खाट सगळं एकसारखं! बायकांचा आणि मुलांचा आवाज पुरुषांपेक्षा वरच्या पट्टीतला, म्हणून तो समजायला आणखी कठीण. त्यात मी बोलणार स्वयंपाकघरातून, नळ सोडलेला, मिक्सर चालू, पाठ वळवलेली. आणि लेक बोलणार समोर बसून, भारदस्त आवाजात. रात्रीच्या शांततेत आमची खालच्या आवाजातली कुजबुज पोचत असेल तर नवल काय?

आणि ते "ओरडतेस कशाला"? त्याचंही उत्तर त्याच धड्यात. अशा कानाचा ऐकू येण्याचा उंबरठा वर सरकतो, पण सहन होण्याचा उंबरठा होता तिथेच राहतो. दोन्हींमधली जागा अरुंद होते. हळू बोललं तर कळत नाही, जरा जोरात बोललं की कानठळ्या बसतात.

म्हणजे बिघाड त्यांच्या वेदनात होता. आणि माझ्या? माझ्या संवेदनात! त्यांचं गप्प बसणं मला दिसत होतं ते खरंच होतं. मात्र त्याला अर्थ मी लावत होते, 'सासू मुद्दाम करते.' तो अर्थ माझ्याकडे आधीपासून तयार होता. गोष्टींतून, मालिकांतून, भिशीतून आलेला. याच काळात त्यांनी भजनी मंडळात जाणं सोडलं होतं. आम्ही म्हटलं, मिजास वाढली. आज कळतं, दहाजणींच्या गोंगाटात त्यांना एक शब्दही लागत नसणार. बाई एकटी पडत चालली होती आणि पुस्तकातला धडा तोंडपाठ असलेली सून घरातच होती.

पुस्तकात या तयार अर्थाला 'मनोवृत्तीची सज्जता' असं काहीसं जड नाव आहे. अर्थ मात्र साधा आहे. जुन्या वळणाच्या अक्षरात 'ख' हा 'र' आणि 'व' शेजारी शेजारी काढल्यासारखा दिसायचा. माझ्या आईच्या यादीतलं 'रवा अर्धा किलो' वाण्यानं कधी 'खा अर्धा किलो' असं वाचलं नाही. आणि मामाच्या पत्रातलं 'पोटभर खा' आम्ही कधी 'पोटभर रवा' असं वाचलं नाही! कागदावरची खूण तीच, अर्थ आजूबाजूवरून लागतो. जेरोम ब्रूनर आणि मिंटर्न यांनी १९५५ मध्ये हेच प्रयोगानं दाखवलं. एकच खूण इंग्रजी अक्षरांच्या रांगेत 'बी' वाटते आणि आकड्यांच्या रांगेत '१३'. माणसांचंही तसंच. सुनांच्या गप्पांच्या रांगेत बसवली की सासूची प्रत्येक कृती 'मुद्दाम'च वाचली जाते. उलटही तितकंच खरं आहे बरं का!

म्हणून माझं म्हणणं असं आहे की हा धडा पाठ करण्याचा नाहीच, करून बघण्याचा आहे. मुळात हे शास्त्र जन्मलं तेच हातानं करण्यातून. जर्मनीत लाइप्झिगला एर्न्स्ट वेबर नावाचे प्राध्यापक होते. एकोणिसाव्या शतकात त्यांनी माणसांच्या हातावर वजनं ठेवून विचारलं, जड कुठलं? त्यांच्या लक्षात आलं की फरक कळायला ठरावीक वजन लागत नाही, ठरावीक प्रमाण लागतं. हातात उचललेल्या वजनाला ते साधारण पन्नासावा भाग भरतं. किलोभर कांद्यात वीस ग्रॅमचा फरक जेमतेम कळेल, दहा किलोच्या पिशवीत तेवढ्यासाठी दोनशे ग्रॅम लागतील. त्यांच्या मागून फेक्नरनं १८६० मध्ये यावर ग्रंथ लिहिला आणि १८७९ मध्ये वुंटनं त्याच गावात मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली. आपल्याकडे १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात हा विषय स्वतंत्रपणे सुरू झाला तोही 'प्रायोगिक मानसशास्त्र' म्हणूनच. नरेंद्रनाथ सेनगुप्त त्याचे पहिले प्रमुख. प्रयोगशाळेतून आलेला हा विषय गाईडमध्ये जाऊन कधी बसला, कुणास ठाऊक!

माझ्या वेळी वर्गात सव्वाशे मुली होत्या. सरांनी फळ्यावर आकृती काढायची, आम्ही उतरवून घ्यायची. लेकीच्या वर्गात फळ्याच्या जागी पडदा आला, एवढाच फरक. "प्रयोगांना साहित्य नाही" ही सबब मला पटत नाही. या धड्याचं साहित्य स्वयंपाकघरात भरलेलं आहे.

त्या रात्री मी लेकीचं पुस्तक मिटायला लावलं. अंबाड्याचा आकडा घेतला, दोन्ही टोकं जवळ आणली आणि तिला डोळे मिटायला सांगून बोटाच्या पेरावर टेकवली. दोन-तीन मिलिमीटर अंतर असलं तरी तिला दोन टोकं कळली. मग टोकं चांगली तीन सेंटिमीटर लांब करून पाठीवर टेकवली. म्हणते, "एकच तर टोक आहे!" पाठीवर कधीकधी चार सेंटिमीटरपर्यंत फरक कळत नाही. तांदळातला खडा बोटांना का सापडतो ते तिला आता पाठ करावं लागणार नाही.

मग कागदावर डावीकडे फुली आणि उजवीकडे चार बोटं सोडून टिंब काढलं. डावा डोळा झाकायचा, उजव्यानं फुलीकडेच बघायचं आणि कागद हळूहळू जवळ आणायचा. साधारण वीतभर अंतरावर टिंब गायब! प्रत्येकाच्या डोळ्यात हा अंधबिंदू असतो, कारण तिथून नस बाहेर पडते. एदम मारियॉट नावाच्या फ्रेंच माणसानं सतराव्या शतकातच तो दाखवून दिला. गंमत अशी की तिथे आपल्याला भोक दिसत नाही. मेंदू आजूबाजूचा कागद पसरून ती जागा भरून टाकतो आणि आपल्याला पत्ताच लागू देत नाही. 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय' असं ठासून सांगण्याआधी प्रत्येकानं एकदा हा प्रयोग करावा.

चवीचं तर विचारूच नका. मी परीक्षेत जिभेचा नकाशा काढला होता. टोकाला गोड, कडांना खारट-आंबट, मागे कडू. पूर्ण गुण मिळाले. आणि तो नकाशा साफ चुकीचा आहे! १९०१ च्या एका जर्मन प्रयोगातले किरकोळ फरक पुढच्या पुस्तकांत फुगत गेले आणि जगभर छापले गेले. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कमीअधिक कळतात. मी तेव्हाही रोज आमटी चाखत होते. जिभेच्या टोकावर मिठाचा कण ठेवून बघावं असं एकदाही मनात आलं नाही. छापलेल्यावर विश्वास, स्वतःच्या जिभेवर नाही. बायकांचं शिक्षण बरेचदा असंच होतं, नाही का?

तिखटाचंही तसंच. आपल्या षड्रसांत तिखट आहे, पण शरीरशास्त्राच्या हिशेबात ती चव नाही, तो दाह आहे. मिरच्या चिरल्यावर बोटं झोंबतात, बोटांना का जीभ असते? मिरचीतलं कॅप्साइसिन हे द्रव्य ज्या ग्राहकाला चेतवतं, तोच ग्राहक पोळणाऱ्या उष्णतेची खबर देतो. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये तो शोधला आणि त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत. ठेचा खाऊन 'तोंड भाजलं' म्हणणारी आपली आजी शास्त्राच्या फार दूर नव्हती.

आणि एक गोष्ट जिवाशी गाठ पडणारी. नाक फार लवकर सरावतं. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात. पण हळूहळू गळणाऱ्या गॅसमध्ये तासभर वावरलेल्या बाईला तो वास जाणवेनासा होऊ शकतो. बाहेरून आलेला पोरगा "आई, गॅसचा वास येतोय" म्हणाला, तर "मला नाही येत" म्हणून उडवून लावू नका. त्याचं नाक ताजं आहे, तुमचं सरावलेलं.

सरावण्यावरून आमचं समुपदेशन केंद्र आठवतं. तिथे येणाऱ्या बायका कितीदा म्हणतात, "तसं फार काही नाही हो ताई, दोनच थपडा." हा काही धड्यातला नियम नव्हे, माझं निरीक्षण आहे. रोजच्याला माणूस सरावतो, आणि बाहेरून येणाऱ्याला जे लगेच खुपतं ते आतल्याला जाणवेनासं होतं.

पण याच केंद्रात मला या धड्याचा धोकाही कळला. एका बाईंचा नवरा, शिकलेला, आम्हालाच सांगू लागला, "मॅडम, परसेप्शनचा प्रश्न आहे. तिला तसं वाटतं." मी त्याला म्हटलं, दंडावरचा काळानिळा डाग मलाही वाटतोय, आणि दवाखान्याच्या कागदावर डॉक्टरांनाही वाटलाय! संवेदन चुकू शकतं याचा अर्थ बाई सांगते ते सगळं मनाचे खेळ, असा नाही. म्युलर-लायरच्या त्या प्रसिद्ध दोन रेघा, १८८९ मधल्या, एकसारख्या असून लहानमोठ्या दिसतात. पण पट्टी लावली की खरं कळतं. धडा शिकवतो तो पट्टी लावायला. दुसऱ्याचं म्हणणं भ्रम ठरवून मोकळं व्हायला नाही. आणि पट्टी आधी स्वतःला लावायची, मग दुसऱ्याला.

दुसरी एक पळवाट घराघरांतली. "मला दिसलंच नाही!" धुण्याची भरलेली बादली, ओट्यावर सांडलेलं दूध, संपलेला साखरेचा डबा. मी हसायचे यावर. पण सायमन्स आणि शाब्री यांचा १९९९ चा प्रयोग वाचला आणि थांबले. लोकांना चेंडूफेकीची चित्रफीत दाखवून पास मोजायला सांगितले. मध्येच गोरिलाचा वेष घातलेली व्यक्ती येऊन छाती बडवून गेली. जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही! लक्ष नसलं की डोळ्यांपुढचंही दिसत नाही. म्हणजे घरातले पुरुष खोटं बोलत नाहीत, बहुधा. पण मग मला का दिसतं? माझे डोळे काही वेगळे नाहीत. लहानपणापासून मला ते बघायला शिकवलं, त्यांना शिकवलं नाही, इतकंच.

कारण पाहणंसुद्धा शिकावं लागतं. विल्यम मॉलिन्यू नावाच्या आयरिश विद्वानानं १६८८ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना एक प्रश्न पाठवला. जन्मांध माणूस स्पर्शानं गोल आणि घन ओळखतो. त्याला अचानक दृष्टी आली तर नुसतं बघून तो ओळखेल का? मॉलिन्यूची बायको लग्नानंतर लवकरच अंध झाली होती. प्रश्न नुसता पुस्तकी नसणार. उत्तर मिळायला तीनशे वर्षं लागली आणि ते मिळालं आपल्या देशातल्या मुलांकडून. एमआयटीतले भारतीय प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये जन्मापासून दृष्टी नसलेल्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया झाल्या. आठ ते सतरा वयाच्या पाच मुलांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. हाताला ओळखीचा ठोकळा त्यांना आधी डोळ्यांनी ओळखता आला नाही. पण काही दिवसांतच जमू लागलं! दहाबारा वर्षं अंधारात काढलेलं मूल आठवड्याभरात बघायला शिकतं, तर आपल्या मुलाला भरलेली बादली दिसायला किती दिवस लागावेत? शिकवणारीनं मनावर घ्यायला हवं.

तेव्हा प्राध्यापक मंडळींना माझी विनंती आहे. या धड्याला आठ गुणांचं 'फरक स्पष्ट करा' विचारू नका. प्रत्येक विद्यार्थ्याला घरातल्या किंवा शेजारच्या एका वृद्ध माणसापाशी पाठवा. त्यांना काय ऐकू येतं, कुठल्या उजेडात वाचता येतं, आमटीत मीठ किती लागतं, हे आठवडाभर नोंदवायला सांगा आणि त्याला गुण द्या. विद्यार्थी फरकही शिकेल आणि घरातल्या एखाद्या म्हातारीची चिडचिड कमी होईल. हे वरवरचं काम नाही. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगानं २०१७ पासूनच्या अहवालांत कमी ऐकू येण्याला स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत धरलं आहे.

सासूबाईंना आता श्रवणयंत्र आहे. पहिले पंधरा दिवस त्यांनी ते काढून टाकायचाच धोशा लावला. वर्षानुवर्षं न ऐकलेले आवाज एकदम आले, वर्तमानपत्राची सळसळ, कुकरची शिट्टी, फरशीवर ओढलेलं पाट. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो, हे या वेळी मला आठवलं आणि मी चिडले नाही. आता मी स्वयंपाकघरातून हाक मारत नाही. नळ बंद करते, समोर जाते, त्यांना माझे ओठ दिसतील अशी उभी राहते आणि सावकाश बोलते. ओठ बघूनही आपण ऐकतो, हे मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवलं होतं. २०२० मध्ये सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा आमच्या आई एकदम का बावरल्या होत्या, तेही त्यातून उलगडलं.

परवा त्या म्हणाल्या, "तुझ्या बांगड्यांचा आवाज होतो गं. मला वाटलं, तू घालायचंच सोडलंस."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यांच्याजवळ जाऊन बसले, समोर.